लिंबाजीची पाठ, सगुणाचं माहेर

एका गावात एक भोळा नवरा होता. लग्नाआधीही तो भोळाच होता, पण तेव्हा निस्तरायला फक्त त्याची आई होती. आता बायकोही आली. नवऱ्याचं नाव लिंबाजी, बायकोचं सगुणा. सगुणा बोलायची कमी, बघायची जास्त. त्या घरात बघण्यासारखं पुष्कळ होतं.

लग्नात सासऱ्यांनी लिंबाजीला नवीकोरी सायकल दिली आणि म्हणाले, "जावईबापू, हिला पाण्यापासून जपा. गंजते."

घरी येताना वाटेत ओढा लागला. पाणी घोट्याएवढं. पण शब्द म्हणजे शब्द. लिंबाजीनं सायकल पाठीवर घेतली. सायकल कोरडी पार झाली, आणि लिंबाजीची पाठ गेली कामातून.

तेव्हापासून लिंबाजी अंथरुणात, सायकल भिंतीला आणि सगुणा सासरी. माहेर आडबाजूला, तिकडे एसटी जात नव्हती. अशात अधिक महिना लागला. लेक-जावयाला जेवायचं बोलावणं आलं. महिना सरत आला तरी लिंबाजी काही उठेना. आणि हा अधिक गेला की पुढचा तीन वर्षांनी. सगुणा माहेरच्या वाटेकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची.

शेवटी एकदाचा हाडवैद्य म्हणाला, "आता चालव सायकल, पण बेतानं. मागं वळून बघायचं नाही, पाठ पिळवटते. आणि काही पडलं तर वाकून उचलायचं नाही."

"असं होय!" लिंबाजी म्हणाला. "मग तसंच करतो."

पहिल्या दिवशी तो सरावासाठी दळण घेऊन गिरणीत गेला. परत आला तो रिकामाच.

"पीठ कुठंय रे?" आईनं विचारलं.

"वडाखाली पडलं."

"मग उचललं नाहीस?"

"वैद्य म्हणालाय, वाकायचं नाही."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे माझ्या शहाण्या, आपल्याला जमत नसेल तर चार माणसं बोलवावीत. पडलंय, उचलू लागा, म्हणावं!"

"असं होय! मग तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तो पारावरून चालला होता. तात्या पाटील तोंडावरून चादर ओढून तिथं आडवे झाले होते. एक हात खाली लोंबत होता. लिंबाजीनं करकचून ब्रेक दाबला.

"तात्या पडलेत! चार माणसं या, उचलू लागा!"

चार माणसं धावत आली. तात्यांना खांद्यावर घेतलं. बायकांनी डोळ्याला पदर लावला. कुणीतरी मडकं आणायला पळालं. तात्यांना जाग आली ती खांद्यावर.

"लिंब्या!" ते वरूनच ओरडले. "झोपलेला माणूस ओळखू येत नाही तुला? माणूस गप दिसला की आपणही गप राहावं आणि मुकाट पुढं जावं!"

"असं होय! मग तसंच करतो."

सगुणानं हे ऐकलं आणि ती तांदूळ निवडायची थांबली. कारण उद्याचा दिवस अधिकाचा शेवटचा होता, आणि माहेरी जायला हीच सायकल होती, नि हाच नवरा.

सकाळी ती कॅरिअरवर बसली. मांडीवर कपड्यांची पिशवी. लिंबाजीची पाठ खांबासारखी ताठ. वाटेतला ओढा आता आटला होता. अर्ध्या वाटेत खड्डा आला. सायकल उडाली, सगुणाही उडाली. सायकल रस्त्यावर उतरली, सगुणा धुळीत. लागलं नाही, पण दचकून तिच्या तोंडून शब्द फुटेना.

सायकल हलकी झाल्याचं लिंबाजीला कळलं. म्हणजे काहीतरी पडलं होतं. मागं वळायचं नाही. वाकून उचलायचं नाही. चार माणसं बोलवायची. पण मागून आवाज नाही, म्हणजे मुकाट पुढं जायचं. सगळं शिकलेलं त्याला एकदमच आठवलं, आणि त्यानं ते एकदमच पाळलं.

दारात सासरे उभे होते, शेजारी ओवाळायचं ताट घेऊन सासूबाई.

"या जावईबापू! आणि आमची सगुणा?"

"वाटेत पडली."

"पडली? मग?"

"मग गप झाली. आता चार माणसं द्या."

सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. त्यांनी हंबरडा फोडला. आळी गोळा झाली. एवढ्यात कडब्याच्या गाडीतून सगुणा उतरली. तिनं पदर झटकला आणि मागं उभं राहून आपल्यासाठीचं रडणं जरा वेळ पाहिलं. चुलतीला रडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

मग ती म्हणाली, "आई, अनारसे जळतायत."

जेवणं झाली. जावयाला वाण मिळालं. आणि बघता बघता उन्हं उतरली. एवढंच ते माहेर.

निघताना सासरे म्हणाले, "जावईबापू, आता तरी लेक नीट न्या."

"कशी नेऊ?"

तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "मागं बघत चला. म्हणजे मी पडले तर कळेल."

"पण वैद्य नको म्हणाला होता."

"ते तेव्हा. आता पाठ बरी झालीय ना?"

"असं होय! मग तसंच करतो."

लिंबाजीनं मान मागं वळवली, ती वळवलीच. सायकल अंगणातून उतारानं सुसाट निघाली. समोर उकिरड्याचा खड्डा होता. सगुणाला तो दिसला. ती अलगद खाली उतरली. सांगायला हवं होतं, पण ती बोलायचीच कमी.

धप्प!

तिथल्या हाडवैद्याला बोलावलं. त्यानं नाकाला उपरणं लावलं आणि काठावरूनच लिंबाजीला हात वर करून बघ, पाय हलवून बघ, म्हणाला.

"उसण भरलीय पुन्हा. आता महिनाभर जागचं हलायचं नाही!"

"असं होय! मग तसंच करतो."

चार माणसं काढायला खाली उतरली. लिंबाजीनं दोन्ही हातांनी शेण घट्ट धरलं. "खबरदार! जागचं हलायचं नाही म्हणालेत." वैद्य ओरडला, सासऱ्यांनी हात जोडले. लिंबाजी हलला नाही.

सगुणानं आपली पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली. "आई, महिनाभर राहीन म्हणते." मग तिनं खोऱ्यावर चार अनारसे ठेवले आणि खोरं काठावरून खाली सोडलं.

"अहो, सांभाळून. पडले तर वाकून उचलू नका हं."

"असं होय!" उकिरड्यातून आवाज आला. "मग तसंच करतो."