एल्डरविकचा झिजलेला उंबरठा

“तिला काय विचारायचंय त्यात? ती नाही म्हणायची नाही.”

किल्ल्याच्या गोल जिन्यात खालचा आवाज वर चढतो, हे सासूबाईंना माहीत नसावं. मी वरच्या वळणावर थबकले. शुक्रवारी मिरजेला परत जाताना मलाही आपल्याबरोबर न्यायचं, असं त्या निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत होत्या. त्याचं इथलं काम अजून वर्षभर चालणार; तोवर मी त्यांच्याजवळ राहावं. निनाद म्हणाला, “बघू.” त्याचं ‘बघू’ म्हणजे ‘बरं’, एवढं मला लग्नानंतरच्या चार महिन्यांत कळलं होतं.

मी पाय वाजवत खाली उतरले.

उत्तर इंग्लंडमधला हा एल्डरविकचा किल्ला. तट निम्मा ढासळलाय, पण महादरवाजा शाबूत आहे. त्याचा दगडी उंबरठा मधोमध इतका झिजलाय, की साचलेल्या पाण्यात चिमण्या आंघोळ करतात. तिथंच ऑलराइड नावाच्या म्हाताऱ्या रखवालदारांनी आम्हाला उभं केलं आणि त्या उंबरठ्याची गोष्ट सांगितली. आई-बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांसाठी, निनाद ती मराठीत सांगत होता, जमेल तेवढी.

असं सांगतात, की फार पूर्वी सरहद्दीपलीकडून घोडेस्वार यायचे, गुरं हाकून न्यायचे, घरं जाळायचे. धूर दिसला की चर्चची घंटा वाजायची आणि सगळं गाव किल्ल्यात शिरायचं. मग दरवाजात वरून लोखंडी जाळी सोडायची. तिच्या खालच्या कडेला भाल्यांसारखे दात. सोडण्याआधी द्वारपाल एवढंच विचारायचा, “घरचे सगळे आले?” प्रत्येक घरचा कर्ता म्हणायचा, “आले.” मागं वळून बघायची रीत नव्हती.

किल्ल्याच्या धन्याची सून, अ‍ॅव्हिस, त्याच वर्षी लग्न होऊन समुद्रापलीकडून आली होती. इथली भाषा तिला येत नव्हती. म्हणून ती म्हणे रोज ओढ्यावर, धुणं धुणाऱ्या बायकांत जाऊन बसायची; तिथं कुणी तिला बोलायला लावत नसे. ओढ्याकाठी पाणचक्की होती. तिच्या खडखडाटात घंटा ऐकू येत नाही, हे अ‍ॅव्हिसला बसून बसून ठाऊक झालं होतं.

एके दिवशी धूर दिसला. घंटा वाजली, गाव आत आलं. द्वारपालानं विचारलं, कर्ते म्हणाले, “आले.” द्वारपालानं स्वतःच्या घराचंही मनातल्या मनात ‘आले’ म्हणून टाकलं. अ‍ॅव्हिस ओढ्याकडे हात करून काहीतरी सांगू लागली.

“काय म्हणतेय ती?” धन्यानं मुलाला विचारलं.

“काही नाही. घाबरलीय,” मुलगा म्हणाला.

(हे वाक्य निनादनं जरा घाईत उरकलं.)

तेव्हा ती चालत गेली आणि उंबरठ्यावर, बरोबर त्या दातांखाली, बसली. धन्यानं जाळी सोडायचा हुकूम दिला, पुन्हा दिला. माळावर स्वार दिसू लागले. लोक तिला ओढायला धावले, तर तिनं दोन्ही हातांनी दगड कवटाळला. वर द्वारपाल जाळीचा दोर तसाच धरून होता म्हणे.

आणि ओढ्याच्या वाटेवर बायका दिसल्या. त्यांनाही आता कुठं धूर दिसला होता. ओली धुणी वाटेत टाकत त्या पळत होत्या, आणि सगळ्यांत पुढं होती द्वारपालाचीच बायको. शेवटची बाई आत आली, अ‍ॅव्हिस उठली आणि जाळी धाडकन स्वारांच्या तोंडावर आदळली. त्या संध्याकाळी किल्ल्यात सगळे नुसते आपापल्या माणसांना नावानं हाका मारत राहिले, ती जवळ बसलेली असली तरी.

म्हाताऱ्या धन्यानं मग उंबरठ्यावर उभं राहून शपथ घेतली: या दरवाजात कुणी कुणाच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. धनी असो की मेंढपाळ, ज्याचं त्यानं सांगायचं.

आजही किल्ला बंद होताना प्रत्येक माणूस त्या खळग्यात पाय ठेवतो आणि ‘मी आलो’ म्हणतो, मगच बाहेर पडतो. भाषा कुठलीही चालते. बाबा मिरजेच्या मराठीत म्हणाले, तेव्हा ऑलराइड आजोबांनी अदबीनं मान झुकवली. आई म्हणाल्या, “मी आले,” आणि माझ्याकडे बोट करून, “आणि ही पण.”

आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्यासाठी थांबले. थंडी वाजत होती. निनाद बुटांकडे बघत होता.

“मी आले,” मी म्हणाले. पण पाय उचलला नाही. “आई, मी शुक्रवारी तुमच्याबरोबर येत नाहीये.”

आई म्हणाल्या, “अगं, मग बोलायचं नाही का? दिवसभर गप्प असतेस, मला वाटलं तुला इथं करमतच नाही. रोज जीव तुटायचा माझा. म्हणून म्हटलं, घेऊन जाऊ.”

“निम्मी बॅग रिकामी ठेवलीय हिनं तुझ्यासाठी,” बाबा हसत म्हणाले. “मला एक स्वेटर घेऊ दिला नाही.”

आईही हसल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले.

“करमतं मला, आई,” मी म्हणाले. “मी इथंच राहते. बॅगेतून माझ्या जड साड्या तेवढ्या घेऊन जा.”