टिटवीच्या पंखाला पट्टी

फार जुनी गोष्ट. माणसं रानात लाकडांऐवजी पाखरं शोधायला येऊ लागली, तेव्हाची.

माळावरच्या खड्यांत टिटवीची अंडी होती. कोल्हा आला, की ती पंख मोडल्याचं सोंग घेऊन त्याला भलतीकडे न्यायची. पक्षी बघणारी मंडळी आली, तेव्हाही तिनं तेच केलं.

"अगं बाई, बिचारी जखमी!" म्हणत एका बाईंनी तिला धरून पंखाला पट्टी बांधली.

"अहो, धडधाकट आहे मी! तिकडे अंडी उन्हात भाजतायत!" टिटवी किंचाळली.

"बघा, किती दुखतंय तिला," बाई कळवळल्या. मग तिला सावलीत ठेवून मंडळी पोहे खायला बसली.

तेवढ्यात कोल्ह्यानं झडप घातली. त्याच्या दातांत नुसती पट्टी आली आणि टिटवी भुर्रकन सुटली.

"कोल्होबा," अंड्यांकडे वळता वळता ती वैतागून म्हणाली, "तुम्ही परवडलात! तुम्ही निदान खायलाच येता."