कमानीखालचा साचा

फार जुनी गोष्ट. बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक राज्य होतं आणि तिथे एक मोठं दगडी चर्च बांधलं जात होतं. पाया घालणाऱ्यांची नातवंडं आता त्यावर काम करत होती. भिंती चांगल्या पुरुषभर जाडीच्या, खिडक्या मात्र चिमुकल्या. कारण छताचा सगळा भार त्या भिंतींनाच पेलायचा होता.

मुख्य गवंडी म्हातारा झाला होता. नजर दिवसेंदिवस मंद होत होती. आजोबांनी पाया पाहिला, वडिलांनी भिंती पाहिल्या. छत आपण पाहायचंच, असा त्याने ध्यास घेतला होता.

छताची लांबच लांब कमान लाकडी साच्यावर रचून झाली. तिथली रीत अशी, की एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटेपर्यंत साच्याला हात लावायचा नाही. तोवर दगडांमधला चुना घट्ट होतो. पण म्हाताऱ्याला एवढा धीर कुठला? हिवाळा तोंडावर असतानाच त्याने सांगितलं, "साचा काढा."

चुना कालवणारी त्याची मुलगी आडवी आली. "बाबा, चुना आतून ओला आहे अजून. थांबा ना जरा."

"चुना थांबेल गं. माझे डोळे थांबायचे नाहीत."

मुलीला भरून आलं. तिने साच्याखालच्या पाचरींना लांब दोर बांधले आणि सगळ्यांना दाराबाहेर उभं करून ते ओढायला लावले.

साचा उतरला. म्हाताऱ्याने छत डोळे भरून पाहिलं, हसलाही. मग एक दगड निसटला, त्यामागून दुसरा, आणि बघता बघता सगळं छत खाली आलं. कुणाला खरचटलंही नाही. पण म्हातारा उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

त्याची नजर त्यानंतरही दोन वर्षं टिकली, आणि त्या दोन वर्षांत त्याला दिसली ती उपसली जाणारी दगडमाती.

छत पुन्हा चढलं ते मुलीच्या देखरेखीखाली. या वेळी रीत पाळली गेली. साचा काढला तरी कमान जागची हलली नाही. तोवर म्हाताऱ्याला पुरतं दिसेनासं झालं होतं.

मुलीने त्याला हाताला धरून आत नेलं.

"कसं झालंय गं?"

"हाक मारून बघा, बाबा."

त्याने तिलाच हाक मारली. आवाज छतापर्यंत गेला आणि कितीतरी वेळ घुमत राहिला. म्हातारा मान वर करून ऐकत होता.

"उंच आहे," तो हळूच म्हणाला. "बघायला तुझी पोरं आहेत."

बोध: पिढ्यांसाठी उभारायच्या कामाला आपल्या आयुष्याची घाई लावू नये.