खाली गेलेलं पाणी

गोष्टी सांगणं हे माझं काम नाही, पण शाळेच्या बाईंनी पिच्छाच पुरवला. तर ऐका.

फार मागे एका नदीवर दोन राज्यं होती. वर खेकड्यांचं, खाली पाणमांजरांचं. एका उन्हाळ्यात खेकड्यांनी दगड रचून नदी अडवली. खालचे डोह आटले, तशी पाणमांजरांची म्हातारी वर आली. म्हणाली, "खेकडेबुवा, थोडं पाणी सोडा. आमचा एकच डोह उरलाय."

खेकड्यांचा राजा म्हणाला, "खाली गेलेलं पाणी कधी परत येतं का, आजीबाई? मग फुकट कशाला घालवू?"

राणीला मात्र चैन पडेना. खरंच येत नाही का? ती तिरकी तिरकी चालत खाली गेली. शेवटच्या डोहात गाभोळीनं पोट फुगलेल्या मासोळ्या वर तोंड करून थांबल्या होत्या.

"कुठं निघालात, बायांनो?"

"तुमच्याकडेच, पण वाटेत पाणी नाही. दरसाल तिथंच अंडी घालतो आम्ही. या दिवसांत पाणमांजरं उपाशी राहतात, पण आम्हाला धरत नाहीत."

राणीनं त्यांच्या फुगलेल्या पोटांकडे पाहिलं. खेकडे पावसाळ्यात ताव मारतात ती मासळीची पिल्लं ढगातून पडतात, असं राजानं सगळ्यांना शिकवलं होतं.

परत येऊन तिनं दगड ढकलायला घेतले. राजा म्हणाला, "अगं, पाणी जाईल ना."

"जाऊ दे. ते मासोळ्या होऊन पोहत परत येतं, मी बघून आले."

मग राजाही दगडाला भिडला.

आमचा पाट वरच्या अंगाला अडवणारा भिकोबा गावंडे मात्र अजून माफी मागायला आलेला नाही.