अण्णा मोने आणि साखरेचा दाणा

शकूमावशीनं एक फूल आणलं. जांभळं. मधोमध काळं. नाव अ‍ॅनिमोनी.
मावशीला ऐकू आलं, अण्णा मोने.
अण्णा पेल्यात उभे राहिले.

एक होती मुंगी. तिच्या भावाच्या बाळाचं बारसं होतं. मुंगी आत्या झाली होती! बारशाला साखर आणली. एकच दाणा. मुंगी दमली. दाणा फुलात ठेवला. पाय पुसायला गेली.
परत आली, तर फूल मिटलेलं. घट्ट!

मुंगी रडली. मुसू मुसू.
"अण्णा, उघडा ना!"
अण्णा म्हणाले, "देठ वाळला. पाणी वर चढेना. कात्री देठ कापेल, तेव्हा उघडेन."
"संपलं सगळं," मुंगी म्हणाली. आणि निघाली. तुरू तुरू.

"कात्रीताई, चाल ना! फूल उघडेना, दाणा मिळेना, बारसं होईना!"
"मी गंजले. कर्र कर्र. तेल पडेल, तेव्हा चालेन."
"संपलं सगळं." तुरू तुरू.

"तेलदादा, पड ना! कात्री चालेना, फूल उघडेना, दाणा मिळेना, बारसं होईना!"
"बाटलीला बूच. मावशी उठेल, बूच काढेल, तेव्हा पडेन."
"संपलं सगळं." तुरू तुरू.

"मावशी, उठा ना! तेल पडेना, कात्री चालेना, फूल उघडेना, दाणा मिळेना, बारसं होईना!"
"अगं, मांडीवर मांजर झोपलंय. ते उठेल, तेव्हा उठेन."
"संपलं सगळं." तुरू तुरू.

"मांजरा, ऊठ ना! मावशी उठेना, तेल पडेना, कात्री चालेना, फूल उघडेना, दाणा मिळेना, बारसं होईना!"
मांजरानं एक डोळा उघडला.
"अण्णा मिटले म्हणजे रात्र. रात्री मी झोपतो. अण्णा उघडतील, तेव्हा उठेन."
आणि डोळा मिटला.

आता खरंच संपलं सगळं.
मुंगी मांजराच्या कानात जाऊन बसली. दाणा गेला. बारसं गेलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करते. आता कुठलं बाळ! मुंगीनं मांजरालाच केलं.
"कुर्र्र्र्र!"

मांजर उठलं. म्याँव!
मावशी उठली. "अगं बाई! उठलेच आहे, तर बूच काढते." फट्!
तेल पडलं. टप टप.
कात्री चालली. कच्! देठ कापला. तिरका.
अण्णा पाणी प्यायले. गट गट गट. अख्खा पेला.
फूल उघडलं. दाणा मिळाला!

"अण्णा नाही गं मी," फूल म्हणालं. "अ‍ॅनिमोनी!"
पण मुंगी केव्हाच गेली. तुरू तुरू तुरू.

बारसं झालं. सगळ्यांनी दाणा चाटला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं.
"कुर्र्र्र्र! अण्णा मोने!"

बाळ मुलगी होती.