हलका हात

"मॅडम, तुमचा निष्कर्ष चुकीचा आहे असं म्हटलं तर चालेल का?"

अन्वर मुजावरने दारातूनच विचारलं. मिरजेच्या एका संशोधन संस्थेत तो जीववैद्यक शास्त्रात एम.एस्सी. करत होता. हुशार होता, आणि ते त्याला ठाऊकही होतं.

त्याच्या मार्गदर्शक केणीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठला निष्कर्ष?"

"जखम भरायला ते प्रथिन लागतंच, हा."

प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनी माना वर केल्या. याच निष्कर्षाने बाईंचं नाव झालं होतं. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि निरोपाच्या भाषणांत सगळे त्याबद्दलच बोलणार होते.

"पेशींना विचारलंस?"

"विचारलं. प्रथिन काढून टाकलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढला. दुसऱ्या दिवशी भरून आला. दर वेळी."

बाई उठल्या. हातमोजे चढवले, स्टूल ओढलं.

"मी करते. तू सांग."

"मी… तुम्हाला?"

"प्रयोग तुझा आहे."

वाद घालायची सगळी तयारी करून आला होता तो. ती तशीच राहिली. शेजारी उभा राहून तो सांगू लागला, आणि बाईंनी पिपेटचं टोक डिशमधल्या पेशींवरून ओढलं.

"मॅडम… हात जड पडतोय."

"जड?"

"प्रथिन नसलं की या पेशी नाजूक होतात. जोर लागला तर कडेच्या मरतात. मग ओरखडा भरतच नाही."

बाईंचा हात तसाच थांबला.

"…तेव्हाही माझा असाच पडला असेल," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरी डिश दे."

या वेळी त्यांनी ते टोक तान्ह्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तसं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. दोन्ही काठांच्या पेशी पुढे सरकून एकमेकींना भिडल्या होत्या. ओरखड्याचा मागमूस नव्हता.

"काय सुरेख काम केलंयस रे!"

त्यांचे डोळे लकाकत होते. अन्वरला मात्र त्या डोळ्यांकडे बघवेना. जिंकल्याचा आनंद कुठे गेला, तेच त्याला कळत नव्हतं.

"मॅडम, मी दुसरा विषय घेतो. हे छापायला नको. निदान तुमचा निरोप समारंभ होईपर्यंत तरी…"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आदल्या दिवशी एवढं ऐकूनही न रागावलेल्या बाई आता रागावल्या होत्या.

त्यांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"लिही. केणी यांचा निष्कर्ष चुकीचा आहे."

त्याची बोटं चालेनात. शेवटी त्याने लिहिलं, 'केणी यांचा निष्कर्ष कदाचित अपुरा असावा.'

बाईंनी वाचलं. 'कदाचित' खोडलं. मग 'अपुरा असावा' हेही खोडलं.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून…"

"मी शिष्य मागितला होता, अन्वर," बाई म्हणाल्या. "हा भक्त कोणी पाठवला?"