वाकड्या बांधाची भाकर

जपून या. इथे बांध मधेच वळतो, बारा हात आडवा जातो आणि पुन्हा सरळ होतो. पाहुणे हमखास विचारतात, असे का? जुन्या कागदांत बांधाचे साल सापडते, वळणाचे कारण सापडत नाही. म्हणून ऐकले तसेच सांगतो. माझी भर पडली नसावी, अशी आशा आहे.

ओढ्याच्या अलीकडे माळेवाडी, पलीकडे बोरखेडी. दोन्हीकडे एकेक लहान मेथॉडिस्ट चर्च आणि दोघांत मिळून एकच पाळक, उजगरेसाहेब. एका उन्हाळ्यात बोरखेडीची विहीर आटली आणि तिथल्या एस्तरबाईंची सून लेकरांना घेऊन माहेरी गेली. ‘पाणी आलं की येईन,’ म्हणाली. दोन्ही चर्चनी ओढा अडवायचे ठरवले. गावांतली इतर माणसेही कुदळी घेऊन आली. एस्तरबाईंनी वेदीपुढे शब्द दिला, म्हणे, ‘बांध जुळेस्तोवर बोरखेडीची भाकर खाणार नाही.’ मग माळेवाडीच्या दावीद मुकादमाची बायको राहेल त्यांना रोज भाकर आणू लागली.

‘मावशी, हा उपास की पाहुणचार?’ बाया हसत.

‘उपासच गं. राहेलची भाकर खाऊन बघ, कळेल.’

पाळकसाहेबांनी दोन्हीकडे एकच सांगितले होते, ‘समोरच्या चर्चचा क्रूस बघत बांधत या.’ पण दोघांनी सुरुवात केली काठावरच्या समोरासमोरच्या जागांपासून, आणि चर्च मात्र एक ओढ्याच्या वरच्या अंगाला, दुसरे खालच्या. मधोमध पोचल्यावर दोन्ही बांध एकमेकांना बारा हातांनी चुकले.

‘तुम्ही वाकडे आलात!’

‘आम्ही तुमच्याच क्रूसाकडं येत होतो!’

दोघेही खरे बोलत होते. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. कोणाचा बांध पाडायचा, यावरून माळेवाडीकर रुसून घरी गेले. काम थांबले, तशी भाकरही थांबली. एस्तरबाई त्या मधल्या जागेत जाऊन बसल्या. दोन दिवस नुसत्या पाण्यावर.

तिसऱ्या दिवशी राहेलला हे कळले. ती नवऱ्यावर कडाडली, ‘वाकडं कोण ते मोजत बसा. मावशी उपाशी मरतीय तिकडं!’

दावीद ओशाळला. ‘मग काय, आपला बांध पाडू?’

‘पाडता कशाला? मधलं आडवं भरा!’

दुपारपर्यंत दोन्ही गावे घमेली घेऊन हजर झाली. आठवडाभरात बांध जुळला. पावसाळ्यात पाणी साठले, विहिरीला पाझर फुटला आणि सून लेकरांसह परतली. सासू-सुनेने दिवसभर भाकरी थापल्या आणि टोपली घेऊन माळेवाडी गाठली. राहेलने एक घास खाल्ला, म्हणे, आणि विचारले, ‘मावशी, खरं सांगा, सून पाण्यापायी गेली होती की या भाकरीपायी?’

आजही दर उन्हाळ्यात दोन्ही चर्च मिळून गाळ काढतात. त्या दिवशी कोणी आपल्या गावची भाकर खात नाही. समोरच्या गावची खायची आणि तिला नावे ठेवायची, अशी रीत आहे. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला राहेलच्या पणतीची भाकर आली. चांगलीच करपली होती. मी तिला तसे सांगितले आणि दुसरी मागून घेतली.